पाझरावर भुलू नये

ठकी संडासाच्या दारात उभी होती आणि आत जायचं नाव घेत नव्हती. पायाला पाय आवळलेला, टाचा उचललेल्या, दोन्ही मुठी पोटाशी. ऊन बरोबर डोक्यावर आलं होतं. तिची आई हातात पाण्याचा लाल मग धरून उभी होती आणि तिचं निम्मं लक्ष मागे कालव्याकडे होतं.

"जा की गं बाई. मला कालव्याच्या दाराचं बघायचंय."

"ते आत आहे."

"काय आहे?"

"खालचं. श्वास घेतंय."

आईने दार ढकलून आत वाकून बघितलं. चार भिंती, वर पत्रा, खाली बसायचं भांडं, कोपऱ्यात झाडू. ती क्षणभर थांबली. पत्रा उन्हाने तडतडत होता, बाकी काही नाही.

"बघ. काही नसतं तिथे."

"तू आलीस की गप्प होतं," ठकी म्हणाली. "मोठ्यांना ऐकू देत नाही ते." मग तिचा चेहरा एकदम लाल झाला, अंग थरथरलं, आणि थोड्या वेळाने सैल पडलं. "गेली. आता नाही लागली," असं म्हणून ती पळाली.

पोर सहा वर्षांची. या वयात कोण कशाला भिईल याचा नेम नसतो, असं म्हणून आईने तो लाल मग संडासातल्या खुंटीला अडकवला आणि ती कामाला लागली. त्यानंतरचे दिवस तिने मोजले नाहीत. ते मोजायला हवे होते, हे तिला फार उशिरा कळलं.

कालव्यावरची त्यांची चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे संडास. ओट्यावर उभं राहिलं की समोर कालवा. कालवा इथवर सरळ येतो, पण इथे आडवा ओढा लागतो म्हणून जमिनीत शिरतो. आधी लोखंडी दार, दाराच्या पुढे विहिरीसारखा हौद, हौदाच्या तळाशी भुयाराचं तोंड. भुयार ओढ्याखालून जातं आणि पलीकडे दीडशे पावलांवर पाणी पुन्हा वर येतं. दार वरखाली करायचं चाक, गवत ओढायचा लांब दांड्याचा पंजा, पातळी बघायची रंगवलेली पट्टी, एवढा पाटकऱ्याचा संसार. तो सासऱ्याकडून नवऱ्याकडे आला होता आणि गेल्या महिन्यापासून बायकोच्या गळ्यात पडला होता.

कारण पाटकरी दाराच्या शिडीवरून पडला. चढताना नाही, उतरताना पडला, आणि तेही शेवटून दुसऱ्या पायरीवरून. पाय मांडीपर्यंत प्लास्टरात आणि जीभ मोकळी, अशा अवस्थेत तो खिडकीशी खाटेवर पडून होता. पाटबंधारे खात्याचे साहेब येऊन गेले. म्हणाले, पाय बरा होईपर्यंत बाईंनी बघायला हरकत नाही. पण पाण्याची तक्रार आली तर दुसरा माणूस आणावा लागेल, आणि माणूस आणला की त्याला राहायला चौकी लागेल. साहेब वाईट नव्हते. जे होणार ते त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून ठकीची आई, म्हणजे पाटकरीण, पहाटे उठून चाक फिरवी, गवत ओढी, पट्टी वाचून फोनवर आकडा सांगी. हाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. आणि खिडकीतून नवरा आपल्या बापाची वचनं ऐकवी. चाकाला घाई चालत नाही. पंजा वाळवून ठेवावा. पाझरावर भुलू नये, तुंबलंय कुठे ते शोधावं. सासरे जिवंत असताना त्यांनी सुनेला जेवढं ऐकवलं नव्हतं, तेवढं मेल्यावर मुलाच्या तोंडून ऐकवलं.

"पातळी किती?" नवरा विचारी.

"हौद काठोकाठ आहे."

"मग झकास," तो म्हणे. भरलेला हौद म्हणजे चांगली पातळी, हे दोघांनी धरून ठेवलं होतं.

फक्त एक माणूस झकास म्हणत नव्हता. कालव्याच्या अगदी शेवटी ज्याचं शेत होतं त्याला सगळे शेपटीवाला म्हणत. तो दर तिसऱ्या दिवशी मोटारसायकल लावून ओट्यापाशी उभा राही.

"वहिनी, पलीकडे येऊन बघा. हे पाणी आहे का?"

ती त्याच्याबरोबर ओढा ओलांडून पलीकडच्या तोंडापाशी गेली. तिथे मनगटाएवढी धार येत होती.

"येतंय की पाणी."

"येतंय. येण्याला काय, डोळ्यालाही येतं."

"भाऊ, पाणी येतंय म्हणजे भुयार मोकळं आहे. वरची मंडळी जास्त उचलत असतील, त्यांच्याशी भांडा."

तो धारेखाली हात धरून उभा राहिला आणि ओला हात तोंडावरून फिरवून निघून गेला. तक्रार मात्र त्याने केली नाही.

आठवड्याने आत्याबाई आल्या. नवऱ्याची आत्या, अंगाने आडव्या, मनाने मोकळ्या, पाय मोडलेल्या भाच्याला बघायला आल्या आणि घरातली चूल हातात घेऊन राहिल्या. त्यांनीच पहिल्यांदा ठकीच्या चड्डीवरचा डाग पाहिला.

"सूनबाई, पोरीचं पोट बिघडलंय."

चड्डीला पातळ, तपकिरी, उग्र वासाचा डाग होता. ठकी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"सांगायचं नाही का गं?" आईने विचारलं.

"मला कळलंच नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

"आपोआप झालं," ठकी म्हणाली आणि फ्रॉक खाली ओढू लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. आईला मनातून जरा बरंच वाटलं. इतके दिवस पोर संडासाला जात नाही म्हणून एक घोर होता, तो गेला. होतंय ना, मग झालं. आता फक्त ते थांबवायचं होतं. आत्याबाईंनी दूध बंद केलं, फळ बंद केलं, पाणीही घोटघोट द्यायला लावलं. जेवायला नुसती पातळ पेज. दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि अर्धी अर्धी करून दिल्या. गळणाऱ्या मडक्यात पाणी कमी भरावं, तसा तो सरळ हिशेब होता.

चौथ्या दिवशी शाळेतल्या बाई ठकीला हाताला धरून चौकीवर घेऊन आल्या. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी नकळत नाकाशी धरली होती, ती चटकन खाली घेतली.

"हिला बरं वाटेपर्यंत घरीच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलं शेजारी बसत नाहीत. मी दाराजवळ बसवते, पण तिला वाईट वाटतं."

ठकीला वाईट वाटत असेल तर ते दिसत नव्हतं. ती हौदाकडे बघत होती. आईच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाई गेल्यावर तिने ठकीला नळाखाली उभं केलं आणि जरा जोरातच घासलं. घासता घासता हात पोटावरून गेला. पोट पुढे आलं होतं. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं मोठं. पेज फुगत असेल, असं तिला वाटलं. ठकी तिच्या हाताखाली आखडून, दात दाबून उभी होती, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात दोरीवरच्या चड्ड्या कमी व्हायला लागल्या. धुऊन पाच वाळत घातल्या की संध्याकाळी चार निघत. मग तीन. आत्याबाईंनी वाऱ्यावर संशय घेतला, मग कुत्र्यावर. पण वारा पडलेला होता आणि कुत्रं म्हातारं होतं.

एका दुपारी आई कालव्याच्या वरच्या अंगाला गवत ओढून परत येत होती. पंजा खांद्यावर, पदर घामाने चिकटलेला. सगळीकडे शुकशुकाट होता, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. चौकीच्या मागे, संडास आणि हौद यांच्यामधल्या उघड्या जमिनीवर ठकी पालथी पडलेली होती. कान मातीला लावलेला. ओठ हलत होते.

आईचे पाय जागीच थांबले.

"नाही, एवढंच आहे," ठकी जमिनीला सांगत होती. "दुसरं नाही देणार." मग ती गप्प झाली. कुणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय, अशी गप्प. डोळे उघडे होते आणि आईच्या पायांवर होते, पण त्या पायांची तिला ओळख दिसत नव्हती.

"ठके."

ठकी उठून बसली. गालाला माती लागली होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"ते म्हणतं, थोडंच राहिलंय."

"काय राहिलंय थोडं?"

"ते नाही सांगत." ठकीने पोटावर हात ठेवला. "आपण शी केली ना, की ती त्याला मिळते. मग त्याला अजून लागतं. मग ते सगळंच ओढतं. म्हणून मी देत नाही."

आईने पोरीचं बखोट धरून तिला उभं केलं. "काही नसतं तिथे. पुन्हा इथे झोपलेली दिसलीस तर बघ," असं म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला परका वाटला. घरात जाताना तिने एकदा मागे बघितलं. जिथे ठकी झोपली होती तिथली माती ओली होती. पोरीने पाणी सांडलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं, कबूल काही केलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. वरून आज पाणी वाढवून सोडतायत, दुपारी एकपर्यंत चौकीवर पोचेल. दार पूर्ण उघडायचं आणि तिथून हलायचं नाही. तीन दिवस. शेवटपर्यंत पाणी गेलंच पाहिजे.

फोन ठेवला आणि आतून आत्याबाईंची हाक आली. ठकीने उलटी केली होती. सकाळची पेज होती तशी पडली होती. पंधरा मिनिटांनी दुसरी झाली, त्यात नुसतं पाणी. पोर कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन पडली होती. चड्डीला डाग होता आणि डागात रक्ताची रेघ होती.

आईने पोटावर हात ठेवला. या वेळी घाईने नाही. डाव्या अंगाला, बेंबीच्या खाली, तिला दगडासारखं काहीतरी लागलं. तिने हात सरकवला. तिथेही लागलं.

"दवाखान्यात न्यायला हवं," ती म्हणाली.

"न्यायचंच," नवरा खाटेवरून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण आज एक वाजता पाणी येतंय. गुरुवारी ने. जुलाबच आहेत ना? तीन दिवसांत काय..."

"जुलाबाने पोर वाळतं, मरत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "थोडं मीठ-साखर घालून पाणी देऊ. नोकरी गेली तर या पोरीला घेऊन कुठल्या झाडाखाली बसशील?"

तेही खोटं नव्हतं. पाटकरीण पंजा घेऊन हौदापाशी गेली. विचार करायचा असला की तिला आता हातात पंजा लागे. हौद काठोकाठ होता. पाणी काळं आणि अगदी स्थिर. त्यावर एक पान पडलेलं होतं. ती बघत राहिली. पान भुयाराकडे जायला हवं होतं. ते जागचं हलत नव्हतं.

मागे मोटारसायकल थांबली. शेपटीवाला आला होता.

"आज पाणी येतंय म्हणे. मला काही मिळणार का, की पाझरावरच भागवायचं?"

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"पाझर. पलीकडे येतो त्याला मी पाणी म्हणत नाही. तुमचे सासरे असते तर पहिल्याच दिवशी..."

पुढचं तिने ऐकलं नाही. काठोकाठ भरलेला हौद, न हलणारं पान, पलीकडची मनगटाएवढी धार. आणि काटकुळ्या पायांवरचं ते मोठं पोट, आणि चड्डीवरचा डाग, जो पोरीला कळतही नव्हता. आतून सगळं बंद होतं. जे बाहेर येत होतं ते फटीतून येत होतं. आणि ती आठ दिवस फटी बुजवत बसली होती, गोळ्या देऊन.

"भाऊ," ती म्हणाली, "भुयार तुंबलंय."

"ते मी तीन आठवडे सांगतोय."

"माझी पोरगीही तुंबलीय. मी तिला घेऊन चालले." तिने चाकाचा दांडा काढला आणि त्याच्या हातात दिला. "दार बंद करा. पूर्ण. वरून पाणी आलं की बाजूच्या सांडव्याने ओढ्यात जाऊ द्या. कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका."

शेपटीवाल्याने दांड्याकडे बघितलं. तीन आठवडे ज्या पाण्याची वाट बघितली ते आज येणार होतं, आणि ते ओढ्यात सोडायला ती त्यालाच सांगत होती.

"माझ्याच हातात देताय, वहिनी?"

"तुमच्याशिवाय भुयार तुंबलंय असं कुणी म्हटलं नाही," ती म्हणाली.

तिने घरात जाऊन ठकीला टॉवेलमध्ये गुंडाळून खांद्यावर घेतलं. नवरा म्हणाला, "साहेबांना मी फोन करतो. तुंबलंय म्हणून सांगतो." मग म्हणाला, "मला खिडकीतून पट्टी दिसत नाही गं. नाहीतर मला कळायला हवं होतं." एवढ्या दिवसांत बापाचं नाव न घेता तो पहिल्यांदाच बोलला.

बसमध्ये जागा होती. ती बसली तशी शेजारची बाई उठून पुढे गेली. मग मागच्या बाकावरचे दोघे. कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या. ठकीचं डोकं खांद्यावर तापत नव्हतं, उलट गार आणि ओलं होतं. "आई, ते मागे येतंय का?" तिने एकदाच विचारलं. "नाही," आई म्हणाली. मग तिला वाटलं की आपण बघितलेलं नाही. तिने वळून मागच्या काचेतून बघितलं. रस्ता मोकळा होता. "नाही येत," ती पुन्हा म्हणाली, आणि या खेपेला ठकीने डोळे मिटले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचा चहा निवत होता. त्यांनी वास आल्याचं दाखवलं नाही. हात चोळून कोमट केले आणि ठकीच्या पोटावर ठेवले.

"नीट शी कधी झाली होती? नीट म्हणजे घट्ट, नेहमीची."

आईने मोजायचा प्रयत्न केला. बाईंनी शाळेतून आणलं त्याआधी, आत्याबाई आल्या त्याआधी. "तीन आठवडे होतील," ती म्हणाली, आणि तो आकडा मोठ्याने ऐकून तिचीच मान खाली गेली.

"उलटी? हिरवी होती का?"

"नाही. पेज आणि पाणी."

"हिरवी असती तर इथे थांबलोच नसतो, थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. ताप? नाही. लघवीला होतंय? बरं. रक्त?"

"आज. रेघभर."

"काय दिलंत आतापर्यंत?"

तिने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं, परत दिलं नाही.

"हे जुलाब नाहीत. आत खडा धरलाय, पातळ तेवढं त्याच्या कडेने गळतंय. तिला कळत नाही, कारण ते तिच्या हातात नाही. त्यासाठी रागावू नका तिला."

"मी रागावले," पाटकरीण म्हणाली. "नळाखाली घासलं." आणि तिला रडू आलं. गेल्या महिन्याभरात नवरा पडला तेव्हा नाही, हाताचे फोड फुटले तेव्हा नाही, ते आत्ता आलं.

डॉक्टरीणबाईंनी ते थोडं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "आता ऐका, पुढच्या वेळेसाठी. आठवडाभर नीट झालं नाही, शी करताना दुखतंय, किंवा पोर पाय आवळून धरून ठेवतंय, की यायचं. न कळता डाग पडायला लागले की यायचं. आणि पोट फुगलं, उलटी झाली, रक्त दिसलं, ताप आला, खाणं सुटलं, तर त्याच दिवशी यायचं. कितीही काम असलं तरी."

ठकीला दोन रात्री ठेवून घेतलं. पाण्यात कालवलेलं औषध, तासातासाला एक पेला. आधी चमच्याने, मग ती स्वतः पेला धरून प्यायला लागली. नर्सने खालून थोडं औषध दिलं तेव्हा तिने आईच्या हाताला चावा घेतला, आणि आईने हात काढला नाही. बुधवारी सकाळी, उजेड असताना, दवाखान्याच्या पांढऱ्या खोलीत, पायाखाली छोटा पाट घेऊन ठकी बसली. बराच वेळ लागला. झाल्यावर तिने वाकून खाली बघितलं, कान लावला.

"इथे नाहीये ते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "कुठे असतं?"

ठकीने सगळं सांगितलं. श्वास, थोडंच राहिलंय, सगळंच ओढणार. डॉक्टरीणबाईंनी आईकडे बघितलं.

"तुम्ही ऐकलंत का कधी तिथे?"

"काही नसतं हो तिथे."

"तुम्ही किती वेळ बसून ऐकलंत?"

पाटकरीण रोज दाराबाहेर उभी राहायची, हातात मग घेऊन, निम्मं लक्ष कालव्याकडे ठेवून.

औषध काही महिने चालू ठेवायचं होतं. रोज जेवणानंतर दहा मिनिटं बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, पाणी भरपूर, आणि झालं नाही तरी ओरडायचं नाही. मग दोघी बसने परत निघाल्या. ठकीने वाटेत दोन केळी खाल्ली आणि तिसरं मागितलं.

चौकीपाशी उतरल्या तेव्हा ऊन पुन्हा डोक्यावर होतं. ओट्यावर शेपटीवाला बसलेला होता, मांडीवर चाकाचा दांडा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आत्याबाई दारात होत्या आणि त्यांनी पुढे येऊन ठकीला एकदम उचलून घेतलं. चौकी होती तशी होती. खिडकीत नवऱ्याचं तोंड दिसलं. पण चौकीच्या मागे काहीतरी कमी होतं. मागचं आभाळ उगाच मोठं वाटत होतं.

संडास नव्हता.

"काल दुपारी," शेपटीवाला उठून म्हणाला. "आवाज नाही, काही नाही. मी इथे बसलेलो. वळून बघतो तर नाही."

चौघं मागे गेली. आत्याबाईंनी ठकीला घट्ट धरलं होतं. जिथे चार भिंती आणि पत्रा होता तिथे भोक होतं, बैलगाडी मावेल एवढं. कडा ताज्या कापलेल्या, खाली दोन पुरुष खोल काळं पाणी. भुयार तुंबल्यापासून हौदातलं पाणी जमिनीतून वाट काढत होतं, एका जुन्या पडीक नळाच्या कडेने, संडासाच्या खालून. तीन आठवडे माती खात होतं. साहेबांची माणसं सकाळी येऊन बघून गेली होती.

"दार उघडलं असतं तर चौकीही गेली असती, म्हणाले," शेपटीवाल्याने सांगितलं. "साहेबांचा फोन आला होता उघडा म्हणून. तुमच्या यांनी खाटेवरून सांगितलं, बायको आल्याशिवाय उघडणार नाही. मी दांडा घेऊन बसलो."

"आणि तुमचं पाणी?"

"गेलं ओढ्यात," तो म्हणाला. "कान किटेपर्यंत ऐकलं जाताना."

तिने त्याला हात जोडले. त्याने ते बघितले नाहीत असं केलं.

साहेबांच्या माणसांनी भुयाराच्या तोंडातून जे ओढून काढलं होतं ते हौदाच्या काठावर वाळत पडलं होतं. गवताचा गाडीभर गुंता, फाटकी ताडपत्री. आणि बाजूला, कुणीतरी जपून वेगळ्या काढून ओळीने मांडलेल्या, तीन लहान चड्ड्या.

आईने त्या उचलल्या. चिखलाने कडक झाल्या होत्या. तिने ठकीकडे बघितलं.

"मी दिल्या त्याला, हौदात टाकून," ठकी म्हणाली. "म्हणजे ते मला मागणार नाही. रोज नाही दिल्या. मागितलं की दिल्या."

आत्याबाईंच्या हातातून ठकी हळूच खाली उतरली आणि आईजवळ येऊन उभी राहिली. खाली पाण्यात तिचा लाल मग तरंगत होता. वारा नव्हता, तरी तो गोल गोल फिरत होता, सावकाश. मग तळातून एक मोठा बुडबुडा आला आणि फुटला. त्याच्या पाठोपाठ जो आवाज आला तो लांब होता, ओला होता, आणि आत ओढलेला होता.

शेपटीवाला दोन पावलं मागे सरला. खिडकीतून नवऱ्याने विचारलं, "काय झालं? काय झालं गं?"

ठकी आईकडे बघत होती. भोकाकडे नाही, आईच्या तोंडाकडे.

"आई, त्याला मगही मिळाला," ती म्हणाली. "तेवढ्यावर भागेल का त्याचं?"

काही नसतं तिथे, हे शब्द पाटकरिणीच्या तोंडाशी आले, रोजच्या सवयीने. तिने ते गिळले. चड्ड्या कमरेला खोचल्या, ठकीचा हात धरला, कडेपासून चार हात मागे जमिनीवर गुडघे टेकले, आणि मग पोरीच्या शेजारी पालथी पडून तिने कान मातीला लावला. माती गार होती.

"गप्प राहा जरा," ती म्हणाली. "मला ऐकू दे."